मराठी म्हणजे ई-जे-के-बी-एच

पत्र नागपूरच्या महाल भागातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ५४ वर्षांच्या. बडकस चौकाजवळच्या एका गल्लीत त्यांचं डीटीपीचं दुकान आहे: लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, विद्यापीठाचे शोधप्रबंध, वास्तुशांतीची निमंत्रणं. २००३ साली त्यांनी आणि यजमानांनी पतसंस्थेचं कर्ज काढून पहिला कॉम्प्युटर घेतला. यजमान जाऊन सात वर्षं झाली. आता दुकान त्या एकट्या सांभाळतात. सगळं काम पेजमेकर ७ या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये, कृतिदेव या मराठी फाँटवर. सध्याचं मशीन २०११ चं, विंडोज ७ वालं. ते या मे महिन्यात दिवसातून दोन-तीनदा आपोआप बंद पडायला लागलं. मुलानं नवा लॅपटॉप आणून दिला, तर त्यात सीडी घालायला जागाच नाही. पेनड्राइव्हवरून पेजमेकर चढवला, पण पत्रिकेची पीडीएफ काढायला गेलं की बंद होतो. ज्याच्याकडून फाँटची सीडी घेतली होती त्याला फोन केला, तर ‘ते काम आम्ही केव्हाच सोडलं’ असं उत्तर आलं. मुलगा म्हणतो, ‘आई, काऊन जीव काढून राहिली? बंद कर आता.’ ताईंचे प्रश्न असे: या वयात सगळं नव्यानं शिकायचं की दुकानाला कुलूप लावायचं? वीस वर्षांच्या फायलींचं काय? आणि कंपन्यांना असं मधेच हात झटकायचा अधिकार आहे तरी का?

ताई, नमस्कार.

पहिले एक काम करा, मग पुढचं वाचा. ते जुनं मशीन आज बंद करा आणि बंदच ठेवा. तुम्ही लिहिलंय की बाजूचं पत्र्याचं झाकण काढून टेबलफॅन लावला की ते तासभर चालतं. चालत असेल, पण पंचेचाळीस डिग्रीत, कूलरच्या दमट हवेत पंधरा वर्षांची हार्ड डिस्क रोज तीनदा झटक्यानं बंद पडणं म्हणजे विस्तवाशी खेळ आहे. डिस्क बाहेर काढून सीताबर्डीवर एखाद्या ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे द्या आणि तिची पूर्ण नक्कल करून घ्या. दोन नकला, दोन वेगळ्या डिस्कवर. एक दुकानात, एक घरी. त्याला स्पष्ट सांगा की नुसत्या ‘माय डॉक्युमेंट्स’चं काम नाही, विंडोजच्या आतलं फाँटचं फोल्डरही हवं. आधी हे कशासाठी, ते पुढे सांगतो.

आता अधिकाराचा प्रश्न. तुमचा राग मला पटतो, आणि पुढच्या पोळ्याच्या पाडव्याला मारबतीच्या मिरवणुकीत एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीचा बडग्या, म्हणजे पुतळा, निघाला तर मी ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणायला येईन. पण हिशेब नीट मांडू. पेजमेकर १९८५ साली ॲल्डस कंपनीनं मॅकिंटॉशसाठी काढला. १९९४ मध्ये ॲल्डसच ॲडोबीकडे गेली. १९९९ मध्ये ॲडोबीनं त्याच कामासाठी इनडिझाइन हा नवा प्रोग्राम आणला, आणि २००१ चा पेजमेकर ७ ही त्या घराण्यातली शेवटची मोठी आवृत्ती ठरली. म्हणजे तुम्ही दोघांनी २००३ मध्ये पतसंस्थेच्या पैशानं मशीन घेतलं, तेव्हाच या गाडीचं शेवटचं स्टेशन येऊन गेलं होतं. तुम्हाला ते कोणी सांगितलं नाही, कारण सांगणारे सगळे त्याच डब्यात बसले होते. महालात काय, पुण्यात काय, अख्खा मराठी छपाईधंदा पुढची वीस वर्षं त्यावर चालला. घेतलेल्या सीडीनं तुम्हाला ती आवृत्ती वापरायचा हक्क दिला. पुढच्या प्रत्येक विंडोजवर ती चालेल असं वचन कुणी दिलं नव्हतं. अन्याय वाटतो, पण फसवणूक म्हणता येणार नाही. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. आज तुमच्यावर आलेली वेळ येत्या वर्षात बऱ्याच दुकानांवर येणार आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे, ते मला हलवून बघायचं आहे. तुम्ही लिहिता, ‘पेजमेकर गेला म्हणजे माझ्या फायली गेल्या.’ खरं दुखणं पेजमेकरमध्ये नाही, ताई. ते फाँटमध्ये आहे.

नव्या लॅपटॉपवर नोटपॅड उघडा. कृतिदेव न लावता, हात जसा सवयीनं चालतो तसा ‘मराठी’ शब्द टाइप करा. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटतील: ई, जे, के, मग मोठा बी, मग एच. कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही वीस वर्षं मराठी टाइपच केलेलं नाही. तुम्ही ई-जे-के-बी-एच टाइप केलंत, आणि कृतिदेवनं त्या ‘ई’वर म चा, ‘जे’वर र चा मुखवटा चढवला. मुखवटा आहे तोवर मराठी. फाँट हरवला की देशपांड्यांच्या लग्नाची पत्रिका आणि कचरा यांत मशीनला फरक कळत नाही. म्हणून ते फाँटचं फोल्डर.

हे का झालं, तेही थोडक्यात सांगतो, कारण दोष तुमचा नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं सरकारी मानक १९९१ मध्ये ठरलं होतं, युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला आपापला क्रमांक देणाऱ्या मानकाची, पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. विंडोज २००० मध्ये मंगल फाँटसह देवनागरी रीतसर आलीसुद्धा. पण पेजमेकरला युनिकोड कधी समजलंच नाही, शेवटच्या आवृत्तीतही नाही. ज्यात काम करायचं त्याला मराठी येत नाही, म्हणून आपण त्याला इंग्रजी अक्षरांना मराठी वेष देऊन फसवलं. त्यातही प्रत्येक फाँटवाल्याचा वेष वेगळा. माझीही गत तुमच्यासारखीच झाली. सात-आठ वर्षांच्या डायऱ्या मी एका प्रोग्राममध्ये लिहून ठेवल्या होत्या, नाव सांगत नाही. बऱ्याच काळानं एक उघडली तर वडिलांच्या आजारपणाच्या जागी कंस, टक्के आणि स्वल्पविराम. फाँटचं नावसुद्धा आठवत नव्हतं. तो मजकूर अजून सुटलेला नाही.

तुमचा सुटेल, कारण कृतिदेव इतका पसरलेला आहे की त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं फुकट आणि भरपूर मिळतात. फक्त जपून वापरा. बरीचशी हिंदीसाठी बनलेली आहेत. हिंदीत ‘दुसऱ्या’ नाही, ‘तऱ्हा’ नाही, ‘ॲ’ नाही, त्यामुळे नेमके तिथेच ती अडखळतात. दुसरी गोम वेलांटीची. कृतिदेवात ‘वि’ लिहिताना तुम्ही आधी वेलांटी मारता, मग व. युनिकोडमध्ये आधी व साठवला जातो आणि वेलांटी नंतर. रूपांतर करताना ही अदलाबदल चुकली की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. रफाराचंही तसंच. रूपांतर झालेला मजकूर म्हणजे पहिलं प्रूफ समजा, आणि प्रूफ तपासायला तुमच्याइतकं कोण आहे?

पण सगळंच रूपांतरित करायला बसू नका. इथे माझं मत जरा कठोर आहे. तुम्ही लिहिलंय साडेसहा हजार फायली आहेत. त्यांतल्या किती पुन्हा लागतात? २००९ सालचं लग्न पुन्हा होणार नाही. ज्या मंडळाची स्मरणिका दरवर्षी नावं बदलून निघते, ती लागेल. तुमचे ठेवणीतले मंगलाष्टकांचे, गणेशवंदनेचे मजकूर लागतील, चौकटी आणि वेलबुट्ट्या लागतील. माझा अंदाज, शंभराच्या आत आकडा येईल. तेवढ्यांचं काम चातुर्मासात होतं. बाकीच्या जशाच्या तशा दोन डिस्कवर झोपू द्या. झोपायच्या आधी त्यांतल्या मोलाच्या फायलींची पीडीएफ काढून ठेवा, फाँट आत बसवून. तशी पीडीएफ कुठल्याही मोबाइलवर बरोबर दिसते. तिच्यातून मजकूर उचलायला गेलात तर पुन्हा तेच ई-जे-के येईल, पण बघायला आणि छापायला ती पक्की.

जुन्या फायली उघडायचे रस्ते तीन आहेत. मला पहिला आवडतो: नव्या लॅपटॉपच्या पोटात जुना कॉम्प्युटर ठेवणं. व्हर्च्युअलबॉक्स नावाचा फुकट प्रोग्राम आहे. त्यात एका खिडकीत विंडोज ७ चालतो, त्या विंडोजला वाटतं आपण २०११ मध्येच आहोत, आणि त्यात पेजमेकर पूर्वीसारखा उघडतो. मुलाला एक रविवार लागेल. दोन गोष्टी त्याला बजावा. जुन्या विंडोजचा परवाना कधीकधी मूळ मशीनपुरताच असतो, तो तपासायचा. आणि त्या खिडकीला इंटरनेट द्यायचं नाही, कारण त्या विंडोजच्या भोकांना आता कोणी ठिगळ लावत नाही. तुमच्या फाँटला कुलूप नाही हे बरं. ज्या वाचकांचं मराठी सॉफ्टवेअर मागच्या प्रिंटर पोर्टला लावायच्या डोंगल नावाच्या किल्लीवर चालतं, त्यांची इथे पंचाईत होते. नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. त्यांनी त्याच काळातलं एखादं सेकंडहँड मशीन घेऊन ठेवावं, आणि त्यावर नेटबँकिंग, यूपीआय, व्हॉट्सॲप काही करू नये. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह तर थेट लावूच नये.

दुसरा रस्ता इनडिझाइनचा. त्याची सीएस ६ ही २०१२ ची आवृत्ती पेजमेकर ६ आणि ७ च्या फायली उघडते. त्यानंतर महिन्याच्या भाड्यानं मिळू लागलेल्या आवृत्त्या उघडत नाहीत. धंद्यातल्या कुणाकडे सीएस ६ चं जुनं मशीन असेलच. मात्र रचना आली तरी आतला मजकूर कृतिदेवचाच राहतो, हे विसरू नका. तिसरा रस्ता लिबर ऑफिसचा ड्रॉ हा प्रोग्राम. तो २०१५ पासून पेजमेकरच्या फायली वाचतो. पान जसंच्या तसं येईल अशी आशा ठेवू नका, पण मजकूर बाहेर ओढायला तो पुरतो, आणि पैसे लागत नाहीत. (इतर वाचकांसाठी: तुमचे जुने फाँट ‘टाइप १’ जातीचे असतील तर ॲडोबीच्या प्रोग्राममधून त्यांचा पाठिंबा जानेवारी २०२३ पासून गेला आहे. तुम्ही इनडिझाइनवर असलात तरी सुटका नाही.)

आता ‘या वयात सगळं नव्यानं’. सगळं म्हणजे काय, ते वेगळं करून बघू. तुम्ही टायपिंग शिकलात सीताबर्डीच्या इन्स्टिट्यूटमध्ये, टाइपरायटरवर, रेमिंग्टन पद्धतीनं. टाइपरायटर गेला. कृतिदेवनं तीच मांडणी कॉम्प्युटरवर घेतली, म्हणून तुमची बोटं २००३ मध्ये अडखळली नाहीत. युनिकोडसाठीही रेमिंग्टन मांडणीचे कीबोर्ड मिळतात. काहींत टाइपरायटरसारखी वेलांटी आधी मारलेली चालते. म्हणजे बोटांना नवं फार थोडं. पत्रिकेवर कुलदैवताचं नाव किती मोठं, ‘आपले विनीत’ कुठे, मामांची नावं राहिली तर कोण रुसतं, हे तर कुठल्याच कंपनीच्या हातात नाही. उरतं काय? नवे मेनू आणि नवी बटणं. त्यांना महिना-दोन महिने लागतात आणि त्या काळात चिडचिड होते. चिडचिड होणार हे धरूनच चाला.

आणि एक फायदा तुमच्या पत्रातच लिहिलेला आहे, तुमच्या तो लक्षात आलेला दिसत नाही. तुम्ही म्हणता, हल्ली लोक पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतात, मी मोबाइल शेजारी उभा करून पाहून पाहून टाइप करते, डोळे दुखतात, आणि मागच्या महिन्यात एका वराच्या वडिलांचं नाव चुकलं म्हणून दोनशे पत्रिका पदरच्या खर्चानं पुन्हा छापल्या. ताई, व्हॉट्सॲपवर येतं ते मराठी युनिकोड असतं. नव्या पद्धतीत ते उचलायचं आणि चिकटवायचं. जे तुम्ही पुन्हा टाइप करत होता, ते फक्त पेजमेकरला मराठी येत नव्हतं म्हणून. प्रबंधांचंही तेच: कृतिदेवात बांधलेला प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला तरी त्यातला एक मराठी शब्द कुणाला शोधून सापडत नाही. पाच वर्षं खपलेल्या विद्यार्थिनीला तुम्ही हे समजावून सांगितलंत, तर युनिकोडच्या टायपिंगचे दोन पैसे जास्त द्यायला ती कुरकुरणार नाही.

कुठला प्रोग्राम घ्यायचा, हे मी ठरवून देत नाही. इनडिझाइन चांगलं आहे, पण त्याचं भाडं तुमच्या मिळकतीला झेपतं का ते वर्षाचा आकडा काढून बघा. महिन्याचा आकडा दिसायला नेहमी लहान असतो. स्क्रायबस फुकट आहे, थोडा हट्टी आहे. साध्या पत्रिका आणि प्रबंध लिबर ऑफिसच्या रायटरमध्येही नीट होतात. कुणी काहीही विकायला आलं तर त्याच्यासमोर हे एक वाक्य टाइप करा: ‘कऱ्हाडच्या दुसऱ्या वर्किंग ऑर्केस्ट्रात ॲनी, लक्ष्मी आणि ज्ञानेश्वर हळूहळू गर्दीत शिरले.’ अर्थ शोधू नका. सगळी जोडाक्षरं आणि रफार जागच्या जागी दिसले, पीडीएफ काढल्यावरही तसेच राहिले आणि तुमच्या नेहमीच्या ऑफसेटवाल्याच्या मशीनवर प्लेटही तशीच निघाली, तरच पुढे बोला. ल आणि श मराठी वळणाचे दिसतात की हिंदी वळणाचे, तेही बघा. गिऱ्हाइकाला काय चुकलं ते नेमकं सांगता येणार नाही, पण ‘काहीतरी वेगळं दिसून राहिलं’ असं तो म्हणेलच.

सुरुवात सीझन संपल्यावर करा. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न, पत्रिकांचं काम थंड असतं. पहिलं काम दोनशे पानी प्रबंधाचं नको, हळदीकुंकवाचं एक पानी निमंत्रण घ्या. तोवर जुनं काम लॅपटॉपमधल्या त्या जुन्या खिडकीतून चालू ठेवा. दोन्ही काही महिने शेजारी शेजारी चालू द्या. एका रात्रीत पलीकडे उडी मारायला सांगणारे लोक सहसा स्वतः दुकान चालवत नसतात.

मुलाबद्दल. ‘बंद कर आता’ म्हणताना त्याला तुमची कीव येतेय असं तुम्हाला वाटलं. असेल. पण जो मुलगा न विचारता लॅपटॉप आणून देतो, त्याच्या तोंडचं ‘बंद कर’ मला तरी ‘मला हे दुरुस्त करता येत नाहीये’ असं ऐकू येतं. त्याला ‘मदत कर’ असं मोघम सांगू नका. नेमकी कामं द्या: डिस्कची नक्कल, व्हर्च्युअलबॉक्स, रेमिंग्टनचा युनिकोड कीबोर्ड. तीन कामं, तीन रविवार. चौथ्या रविवारी तर्री पोहे तुमच्याकडून. दुकान ठेवायचं की नाही, हा निर्णय मशीन तापलेलं असताना घेऊ नका. दिवाळीनंतर घ्या, त्या सहा महिन्यांचा जमाखर्च समोर ठेवून. तेव्हाही बंद करावंसं वाटलं तर खुशाल करा, त्यात हार नाही. पण तेव्हा ते दुकानाच्या हिशेबावरून ठरलेलं असेल, पीडीएफ निघाली नाही म्हणून नाही.

पत्राच्या समासात, बारीक अक्षरात तुम्ही अजून एक लिहिलंय: फायलींची नावं सगळी यजमानांनी दिलेली, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’, आणि मुलगा म्हणतो नक्कल करताना नावं एकदाची नीट करून टाकू. शंभर कामाच्या फायलींना करू द्या. बाकीच्यांना हात लावू देऊ नका, त्या तशाही कुणी उघडणार नाही.

आणि तुम्ही विचारलंत, पेजमेकरची सीडी फेकून देऊ का. नका फेकू. रिपेअरवाल्याकडे सीडी ड्राइव्ह असेल, डिस्कबरोबर तीही न्या आणि तिची इमेज फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फायलीत नक्कल, करून घ्या, कारण सीड्या या हवेत फार टिकत नाहीत. डब्याच्या आतल्या बाजूला यजमानांनी बॉलपेननं सीरियल नंबर लिहून ठेवलाय म्हणता, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये पेजमेकर चढवताना मुलाला तो नंबर लागणार आहे.